करवत लावा, आणि घरीच लावा

मोटारसायकलवर नवं सामान चढवलं आणि ते विंडशील्डला घासू लागलं, की सल्ले सुरू होतात. रायझर काढून टाक, हँडगार्ड बदल, दुसरी विंडशील्ड घे, कंपनीत घेऊन जा. या सगळ्या सल्ल्यांत एक वाक्य ठरलेलं असतं : ‘काही कर, पण विंडशील्डला करवत लावू नकोस.’ हे वाक्य इतक्या ठाम सुरात सांगितलं जातं, की नव्याने गाडी घेतलेल्या पोराला तो कायदाच वाटतो. सांगणारी माणसं वाईट नाहीत. त्यांतल्या कित्येकांबरोबर मी घाट चढलो-उतरलो आहे, त्यांच्या हाताखाली पंक्चर काढायला शिकलो आहे. पण या एका बाबतीत ती साफ चुकत आहेत, आणि त्यांच्या चुकीपायी हँडल अडकणाऱ्या गाड्या रस्त्यावर फिरत आहेत. म्हणून हा प्रतिवाद.

माझं म्हणणं थोडक्यात असं : हँडलच्या वाटेत येणारी विंडशील्ड तशीच ठेवणं हा धोका आहे, ती नीट कापणं हा नाही. आणि नीट कापायची तर घरासारखी जागा नाही.

अडचण कुठे येते ते आधी पाहू. लांबच्या प्रवासाला निघणारा माणूस पाठ सरळ राहावी म्हणून हँडलखाली रायझर घालतो. हँडल दोन-तीन सेंटिमीटर वर येतं, जरा मागे सरकतं. मग हँडगार्ड येतात, रुंद आरसे येतात, मोबाइलचा होल्डर येतो, जादा दिव्यांचं बटण येतं. विंडशील्ड मात्र होती तिथेच राहते. ती गाडीच्या सांगाड्याला बसवलेली असेल, तर हँडल फिरतं आणि ती फिरत नाही. सरळ रस्त्यावर काहीच जाणवत नाही. हँडल पूर्ण डावीकडे किंवा उजवीकडे नेलं, की हँडगार्डचं टोक, क्लचच्या लिव्हरचा पाया नाहीतर पुढच्या ब्रेकच्या तेलाची डबी विंडशील्डच्या कडेला जाऊन टेकते.

माझ्या एका मित्राच्या गाडीवर नेमकं हेच झालं. एकाच दुपारी एका दुकानात त्याने रायझर आणि हँडगार्ड दोन्ही बसवून घेतले. हँडल शेवटी कुठेतरी लागतंय हे त्याच्या लक्षात आलं होतं, त्याने विचारलंही. दुकानदार म्हणाला, ‘साहेब, थोडंसं टच होतंय, पण चालवताना एवढं हँडल फिरवतं कोण?’ एवढं हँडल सगळेच फिरवतात. पार्किंगमधून गाडी काढताना फिरवतात, अरुंद रस्त्यावर वळवून घेताना फिरवतात, घाटातल्या आवळ वळणावर पुढचा ट्रक थांबला की फिरवतात. मित्र सोसायटीच्या उतारावर गाडी वळवत होता. हँडल शेवटच्या बोटभर अंतरात अडकलं, गाडी आतल्या बाजूला कलली, आणि जो पाय टेकायचा तो उताराच्या खालच्या बाजूला गेला. दोनशे किलोच्या आसपासची गाडी तिथे पायाने सावरत नाही. वेग चालत्या माणसाएवढा होता म्हणून घोट्यावर निभावलं. हीच गोष्ट हायवेच्या कडेला, मागून डंपर येत असताना झाली असती तर काय, हे लिहायची गरज नाही. जमलेल्या मंडळींनी रायझर काढायला सांगितलं. विंडशील्डची दोन बोटं कड कापून टाकू, असं कुणाच्या तोंडून निघालं नाही.

आता समोरच्या बाजूचे मुद्दे घेतो. त्यांचा सर्वांत आवडता मुद्दा विंड टनेलचा. कंपनीने लाखो रुपये खर्चून, वाऱ्याच्या बोगद्यात गाडी ठेवून तो आकार ठरवला, आणि तुम्ही पुठ्ठा आणि पेन्सिल घेऊन तो बिघडवणार? ऐकायला हा बिनतोड वाटतो. पण विंड टनेलमध्ये नेमकं काय ठरतं ते बघा. बीएमडब्ल्यूची आर १०० आरएस १९७६ साली आली. पूर्ण फेअरिंग कारखान्यातूनच बसवून आलेली ती त्या काळातली नावाजलेली गाडी, आणि तिचं फेअरिंग इटलीत पिनिनफारिनाच्या विंड टनेलमध्ये घडवलेलं होतं. त्या गाडीचं हँडल मुद्दाम अरुंद आणि खाली ठेवलं होतं. फेअरिंग, हँडल आणि पुढे झुकून बसलेला माणूस अशा तिघांचा मिळून तो एक आकार होता. विंड टनेलचा निकाल अशा पूर्ण जुळणीला लागू असतो, सुट्या प्लास्टिकच्या तुकड्याला लागू नसतो. तुम्ही रायझर बसवून हँडल वर आणलं, बसण्याची ढब बदलली, हँडगार्ड नावाचे दोन नवे पंख वाऱ्यात उभे केले, त्या क्षणी तो निकाल रद्द झाला. विंडशील्ड जशीच्या तशी ठेवल्याने तो परत येत नाही. जे लोक रायझर घालताना विंड टनेलचं नाव काढत नाहीत आणि करवत दिसली की काढतात, त्यांनी याचा विचार करावा.

शिवाय विंडशील्ड हा मुळात कुठल्याही एका गाडीसाठी जन्मलेला पवित्र अवयव कधीच नव्हता. १९७०च्या दशकात अमेरिकेत क्रेग व्हेटर यांची विंडजॅमर फेअरिंग वेगवेगळ्या कंपन्यांच्या गाड्यांवर निरनिराळ्या ब्रॅकेटांनी बसायची, आणि हजारो लोक ती लावून देशभर फिरले. आपल्याकडचं उदाहरण घ्या. ऑक्टोबर २०२१मध्ये बजाजने डॉमिनार ४०० उंच व्हायझर, हँडगार्ड, कॅरिअर असा प्रवासाचा सगळा सरंजाम कारखान्यातूनच चढवून विकायला काढली. कारखान्यात हँडगार्ड आणि व्हायझर एकाच गाडीवर बसवायचे असतील, तर एकमेकांना जागा देण्याची जबाबदारी एकाच माणसाची असते. आपण रायझर एका दुकानातून, हँडगार्ड दुसऱ्याकडून आणि विंडशील्ड तिसऱ्याकडून आणतो, तेव्हा ती जबाबदारी कुणाचीच नसते. म्हणजे ती गाडीच्या मालकाची होते. करवत हातात घेणारा माणूस ती जबाबदारी उचलत असतो.

चष्म्याच्या दुकानात बघा. भिंगाची जी गोल चकती येते ती फ्रेमच्या मापाने कडेने घासून छोटी केली जाते, आणि पॉलिकार्बोनेटचं भिंगही असंच घासतात. बनवणाऱ्याने दिलेला गोल आकार बिघडला म्हणून तिथे कुणी हरकत घेत नाही, कारण भिंगाचं काम मधल्या भागात आहे आणि कड फ्रेमसाठी आहे. विंडशील्डचंही तसंच आहे. छातीवरचा वारा अडवण्याचं काम मधला आणि वरचा भाग करतो. हँडलपाशी खालच्या बाजूला दोन-अडीच सेंटिमीटर खाच घेतली, तर पावसात हाताच्या मुठीवर जरा जास्त पाणी येईल. हे खरं आहे आणि ते मी लपवणार नाही. पण हँडगार्ड लावले आहेत ते त्यासाठीच.

वरची कड कापण्याबद्दल मात्र मला जरा जास्त बोलायचं आहे, कारण तिथे सल्लागार मंडळी थेट उलटं सांगतात. उंच विंडशील्ड म्हणजे जास्त आराम, असा समज आहे. विंडशील्डच्या वरच्या कडेवरून वारा सुटतो तेव्हा त्याचे भोवरे होतात. ते भोवरे हेल्मेटवर येऊन आदळले की डोकं थरथरतं, कानात ढोल वाजतात, आणि तासाभरात मान दुखते. सीट किंवा हँडल बदलल्यावर डोक्याची जागा बदलते आणि आधी बरी असलेली विंडशील्ड अचानक त्रास देऊ लागते. अशा वेळी दोन सेंटिमीटर कमी केल्याने डोकं स्वच्छ वाऱ्यात येऊन बरं वाटल्याचं मी पाहिलं आहे. दुसरी गोष्ट नजरेची. विंडशील्डला वायपर नसतो. जुलैत ताम्हिणीत किंवा आंबोलीत संध्याकाळी पाऊस लागला, समोरून गाडीचे दिवे आले आणि तुमची नजर ओरखडे पडलेल्या, थेंबांनी भरलेल्या प्लास्टिकमधून जात असली, तर रस्ता दिसत नाही. कड नाकाच्या पातळीला असावी, डोळे तिच्यावरून पलीकडे बघतील. बसल्या जागी, बूट घालून, नेहमीचं जॅकेट घालून कुणाकडून तरी ही पातळी टेपने आखून घ्यावी. कंपनीला तुमची उंची माहीत नव्हती.

आता कायदा. ‘मॉडिफिकेशन बेकायदा आहे, पाच हजार दंड आहे’ असं सांगून लोकांना गप्प केलं जातं. तरतूद वाचूनच बोलू. मोटार वाहन कायदा १९८८, कलम ५२. त्यानुसार, नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलापेक्षा वेगळा होईल असा बदल मालकाने वाहनात करू नये. त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात बदल म्हणजे काय तेही दिलं आहे : वाहनाच्या रचनेतला असा फेरफार, ज्याने त्याचं मूळ वैशिष्ट्यच बदलतं. केरळमधल्या प्रकरणावरचा सर्वोच्च न्यायालयाचा जानेवारी २०१९चा निकाल नेहमी पुढे केला जातो, तोही याच कलमाच्या आधाराने दिलेला आहे. २०१९च्या दुरुस्तीने आलेलं कलम १८२ अ परवानगी नसलेल्या फेरफारासाठी सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर फेरफाराला पाच हजार रुपये दंड किंवा दोन्ही सांगतं. हे सगळं खरं. पण तुमच्या आरसीवर इंजिन क्रमांक आहे, चासी क्रमांक आहे, रंग आहे, इंधन आहे, बसण्याची क्षमता आहे. विंडशील्डची उंची कुठे आहे? कर्कश सायलेन्सर आणि डोळे दिपवणारे दिवे लावणाऱ्यांसाठी उगारलेली छडी कडेच्या दोन बोटं प्लास्टिकवर आणू नये. हेडलाइट, इंडिकेटर, नंबर प्लेट यांच्या आड काही येत नाही आणि आरशात मागचं दिसतं, एवढं सांभाळलं पाहिजे, ते कापताना सांभाळता येतं. हो, कापलेल्या विंडशील्डची वॉरंटी मात्र गेली असं धरून चालावं.

आणि मग येतो तडकण्याचा मुद्दा. ‘कापलीस की पहिल्याच खड्ड्यात तडा जाईल.’ या मुद्द्याला मी मान देतो, कारण तो अनुभवातून आलेला आहे. कापलेल्या विंडशील्ड तडकतात, मी तडकलेल्या पाहिल्या आहेत. पण त्या कापल्यामुळे तडकलेल्या नसतात, कशा कापल्या त्यामुळे तडकलेल्या असतात. तडा कुठून सुरू झाला ते बघा, दर वेळी तिथे एक टोकदार आतला कोपरा सापडेल, किंवा करवतीचा एखादा दाता खोल गेल्याची खूण, किंवा बोल्टला चिकटून पाडलेलं भोक. ताणलेल्या पत्र्यात गोल भोक पाडलं, तर भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, हे अभियांत्रिकीच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षात शिकवतात. गोल भोकाला तिप्पट, तर धारदार कोपऱ्याला कितीतरी जास्त. म्हणून खाच घ्यायची तिथे आधी आतल्या कोपऱ्यांत दहा-बारा मिलिमीटरची गोल भोकं पाडायची आणि करवत त्या भोकांत आणून संपवायची. कोपरा आपोआप गोल राहतो. एवढी एक गोष्ट केली तरी निम्मे तडे टळतात असं माझं मत आहे.

त्याआधी हातातलं प्लास्टिक कोणतं ते ओळखलं पाहिजे. विंडशील्ड बहुधा दोनपैकी एकाची असते : अ‍ॅक्रिलिक किंवा पॉलिकार्बोनेट. खालच्या कोपऱ्यात, ब्रॅकेटच्या आड, दोन टोकदार कंसांत इंग्रजीतून छापलेली अक्षरं बऱ्याचदा सापडतात. पीसी असेल तर पॉलिकार्बोनेट, पीएमएमए असेल तर अ‍ॅक्रिलिक. अ‍ॅक्रिलिक कडक आणि ठिसूळ, त्यावर ओरखडे कमी पडतात पण ते फुटतं. पॉलिकार्बोनेट चिवट, हातोडीलाही दाद न देणारं, पण ओरखड्यांना हळवं. म्हणून त्याच्यावर कारखान्यात कडक लेप देतात. रसायनांनाही ते फार हळवं असतं. अ‍ॅक्रिलिक सुमारे १०५ अंशांना मऊ पडतं, पॉलिकार्बोनेट सुमारे १४७ला. वेगाने फिरणारं पातं एवढी उष्णता सहज तयार करतं. म्हणूनच जिगसॉ पूर्ण वेगात चालवली की प्लास्टिक वितळतं आणि पात्याच्या मागे पुन्हा चिकटून बसतं. कापल्यासारखं दिसतं आणि कापलेलं नसतं. मग माणूस वैतागून तुकडा वाकवून तोडतो, आणि तिथे तडा पेरला जातो.

घरी ते कसं होतं ते सांगतो. विंडशील्ड आधी गाडीवरच ठेवायची. पुठ्ठ्याचा तुकडा तिच्या कडेला धरायचा, हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत फिरवायचं आणि हँडगार्ड कुठून कुठे जातो ते पुठ्ठ्यावर उतरवून घ्यायचं. हातात पावसाळी हातमोजे घालून, दोन बोटं ब्रेकवर ठेवून हे करायचं, कारण जागा हँडललाच नव्हे, बोटांनाही लागते. सगळीकडून दीड-दोन सेंटिमीटर मोकळं राहिलं पाहिजे, कारण शंभरच्या वेगाला विंडशील्ड वाऱ्याने मागे झुकते. एकाच बाजूला घासत असलं तरी साचा उलटा करून दोन्ही बाजूंना सारखंच आखायचं. मग ती उतरवून दोन्ही अंगांना मास्किंग टेप लावायची, रेघ टेपवर उतरवायची, खाली जुनं पांघरूण आणि फळी घेऊन क्लॅम्पने आवळायची. कोपऱ्यांची भोकं स्टेप ड्रिलने, खाली लाकूड ठेवून, हळू. साधा ड्रिल बिट अ‍ॅक्रिलिकमधून बाहेर पडताना आत ओढला जातो आणि कपचा काढतो. वळणाला कोपिंग सॉ, सरळ भागाला इंचाला बत्तीस दात्यांचं हॅक्सॉचं पातं. रेघेच्या बाहेर दोन मिलिमीटर राखून कापायचं, उरलेलं कानशीने खाली आणायचं.

आणि मग जो भाग कुणी करत नाही तो. सुरीची पाठ कडेवर उभी धरून ओढायची. प्लास्टिकच्या पातळ सालींचे वेटोळे निघतात, करवतीच्या दात्यांच्या रेघा त्यांच्याबरोबर निघून जातात. मग पाण्यात बुडवलेला पॉलिशपेपर, २२०, ४००, ८००, १२००. दोन्ही धारा गोल करायच्या. कडेवरून बोट फिरवलं तर कुठेही अडू नये. हे फक्त दिसण्यासाठी नाही. प्रत्येक राहिलेली रेघ म्हणजे तड्याचं दार आहे, आणि पडलात तर हीच कड तुमच्या गळ्यासमोर असते. या कामाला अख्खी संध्याकाळ लागते. ज्याच्याकडे ती संध्याकाळ नाही त्याने हे काम हाती घेऊ नये, एवढं मी सल्लागारांच्या बाजूने मान्य करतो.

भोकांचं गणितही सांगतो, कारण तिथे दुकानदारही चुकतात. अ‍ॅक्रिलिक आणि पॉलिकार्बोनेट दर अंशाला साधारण दहा लाखांत सत्तर भाग पसरतात, लोखंड बारा. विंडशील्डची दोन भोकं चाळीस सेंटिमीटरवर असतील आणि नाशिकच्या थंडीत सकाळी दहा अंश, तर एप्रिलच्या उन्हात उभ्या गाडीवर साठ अंश धरले, तर प्लास्टिक जवळजवळ दीड मिलिमीटर वाढतं आणि खालचं लोखंड पाव मिलिमीटर. हा फरक कुठेतरी गेला पाहिजे. भोक बोल्टपेक्षा दीड-दोन मिलिमीटर मोठं हवं, मध्ये रबराची ग्रोमेट हवी, वर नायलॉनचा वॉशर हवा आणि बोल्ट हाताच्या जोराएवढाच आवळलेला हवा. सैल होतो म्हणून लोक त्यावर थ्रेडलॉक ओततात. पॉलिकार्बोनेटला त्याच्यासारखा शत्रू नाही. थेंब भोकाच्या कडेला लागला की काही दिवसांत तिथून कोळ्याच्या जाळ्यासारखे तडे धावतात, आणि दोष जातो करवतीला. पेट्रोलने पुसणं, थिनरने टेपचा गोंद काढणं, अमोनियाचा ग्लास क्लीनर मारणं, कडेला मऊ पीव्हीसीची बीडिंग चढवणं ही सगळी याच पंगतीतली. पीव्हीसी मऊ करायला घातलेलं रसायन हळूहळू पॉलिकार्बोनेटमध्ये उतरतं. बीडिंग हवीच असेल तर सिलिकॉनची किंवा ईपीडीएम रबराची घ्या. धुवायला साधं पाणी आणि सौम्य साबण.

एवढं सगळं ऐकून समोरचा म्हणतो, मग हे दुकानातच करून घे, त्यांच्याकडे मशिनं आहेत. नेमका इथेच माझा सर्वांत मोठा विरोध आहे. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत कुर्ल्याच्या सीएसटी रोडवर फिरा, उत्तम हाताचे कारागीर भेटतील, त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण त्यांच्या दारात दुपारी बारा वाजता रांग असते. रांगेतल्या गाडीची विंडशील्ड कापायला जे यंत्र हाताशी असतं ते लोखंड कापायचं ग्राइंडर. ‘दोन मिनिटांत कापून देतो’ हे वाक्य ते खरंच पाळतात. ग्राइंडरची चकती प्लास्टिक कापत नाही, जाळते. कड काळपट, फुगलेली निघते, तिच्यात उष्णतेने ताण कोंडलेला राहतो, आणि ती चमकवायला कुणी ज्योत फिरवली तर तो आणखी वाढतो. ज्योतीने चमकवलेली अ‍ॅक्रिलिकची कड घरी नेऊन स्पिरिटने पुसली की बारीक तड्यांची जाळी उमटते, ती याच कोंडलेल्या ताणामुळे. कारागिराचं कौशल्य कमी नसतं, त्याच्याकडे या कामासाठी वेळ नसतो. एक अपवाद सांगतो : नंबर प्लेट आणि पाट्या करणारे रेडियमवाले. त्यांचा हात अ‍ॅक्रिलिकवर रोजचा आहे. घरी धीर होत नसेल तर पुठ्ठ्याचा साचा घेऊन त्यांच्याकडे जा, ग्राइंडरवाल्याकडे जाऊ नका.

नवीन विंडशील्ड घ्या म्हणणाऱ्यांना एकच विचारायचं आहे. कोणती? तुमचा रायझर, तुमचे हँडगार्ड आणि तुमची उंची या तिघांना एकत्र बसेल अशी विंडशील्ड कुणीही बनवत नाही. काही हजार देऊन आणलेली नवी विंडशील्डही कुठेतरी टेकतेच, आणि जुनी भंगारात जाते. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जुलै २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, त्याच वर्षी डिसेंबरमध्ये त्यासाठी पोर्टल सुरू केलं आणि त्यात वाहनांचं क्षेत्रही घेतलं. आपली वस्तू आपल्या हाताने ठीक करण्याची मोकळीक देशाच्या पातळीवर मागितली जात असताना, आपणच एकमेकांना करवतीची भीती घालत बसणं मला पटत नाही.

कुठे करवत लावू नये तेही तितक्याच स्पष्टपणे सांगतो. हेल्मेटच्या व्हायझरला कधीच नाही. हेल्मेट आयएस ४१५१ या मानकानुसार तपासलेलं असतं, आणि व्हायझर डोळ्यांपुढे असतो. आधीच तडा गेलेल्या किंवा उन्हाने पिवळ्या पडलेल्या विंडशील्डलाही नाही. ती बदला. मूळ बोल्टच्या भोकांजवळ तीन-चार सेंटिमीटरच्या आत नाही, कारण सगळा भार तिथे उतरतो. वर-खाली सरकणाऱ्या यंत्रणेवर बसवलेली असेल तर आधी यंत्रणा समजून घ्या.

आणि ज्या धोक्याबद्दल ओरड व्हायला हवी, त्याबद्दल या सल्लागारांच्या तोंडून मी क्वचितच काही ऐकलं आहे. रायझर घातला की हँडल वर जातं, पण ब्रेकची नळी आणि क्लच-थ्रॉटलच्या केबल्स तेवढ्याच लांबीच्या राहतात. इंजिन चालू ठेवून, गाडी न्यूट्रलमध्ये, हँडल दोन्ही टोकांना फिरवा. आवाज वाढला तर थ्रॉटलची केबल ओढली जाते आहे, आणि वळणात गाडी स्वतःहून पुढे झेपावेल. ब्रेकची नळी ताठ होत असेल तर ती गाडी रस्त्यावर नेऊ नका, जादा लांबीची नळी टाका. माझ्या मित्राच्या गाडीवर विंडशील्डची चर्चा तासभर चालली होती. केबल मी तपासली तेव्हा ती डाव्या टोकाला तारेसारखी ताठ झाली होती.

सामान विकणाऱ्यांकडे माझ्या दोन मागण्या आहेत. रायझर आणि हँडगार्डच्या खोक्यावर लिहा, की कोणत्या गाडीच्या कोणत्या विंडशील्डबरोबर पूर्ण वळणावर किती जागा उरते. आणि विंडशील्ड विकताना ती अ‍ॅक्रिलिकची आहे की पॉलिकार्बोनेटची, हे गिऱ्हाइकाला विचारावं न लागता दिसेल अशा जागी छापा, त्याच्या शेजारी किती कड कापता येईल याची एक रेघ आखून द्या. शिंप्याच्या टेबलापासून सुताराच्या कट्ट्यापर्यंत जिथे माप बदलतं तिथे माया ठेवायची पद्धत आहे. ती या खोक्यांत आली, की माझ्यासारख्यांना असे लेख लिहावे लागणार नाहीत, आणि ग्राइंडरचा आवाज ऐकून कुणाला घाबरावं लागणार नाही. तोवर पुठ्ठा, टेप आणि बारीक दात्यांचं पातं घरात ठेवा.